ओल्या वेणीच्या टोप्या

वसईजवळच्या निर्मळ गावात शांताकाकूंच्या अंगणात दर रविवारी सकाळी मुलं शिंदीच्या टोप्या करायला बसत. फी नव्हती, हजेरी नव्हती. नियम एकच होता. आल्या आल्या आपापली पाती बादलीत बुडवायची आणि मगच चपला काढून चटईवर बसायचं.

"पाती म्हणजे उन्हातून आलेला पाहुणा," काकू नव्या मुलाला सांगत. "आधी पाणी द्यायचं, मग बोलायचं."

"आणि पाहुण्याला चहा पाहिजे असेल तर?" एखादा विचारी.

"तर तुझ्या आईकडे पाठवायचं. बुडव."

काम बघायला सोपं होतं. बांधावरच्या शिंदीची झावळी कापून सावलीत वाळवायची. पाती सोडवून प्रत्येक पाती नखाने चिरून एकसारख्या रुंदीची करायची. ती भिजली की पाच पात्यांची लांबच लांब वेणी घालायची. मग वेणीचं टोक चिमटीत धरून शंखासारखं वेटोळं घ्यायचं आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याच्या कडेवर थोडा चढवत दाभणाने शिवत जायचं. डोक्याएवढा माथा झाला की हात सैल सोडायचा, म्हणजे कड आपोआप बाहेर पसरते. शेवटी टोपी लाकडी साच्यावर चढवून सावलीत सुकवायची. वाडीत फुलं खुडणाऱ्या बायका पदरावरून ही टोपी घालत. आता बहुतेकींनी कापडी टोप्या घेतल्या होत्या, पण काकू शिकवत राहिल्या.

वेणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओली राहिली पाहिजे, हे त्यांचं मुख्य सांगणं. शिवताना ती ओल्या गोणपाटाखाली ठेवायची आणि लागेल तेवढीच बाहेर ओढायची. एखाद्याची पाती वळणावर कडकन मोडली, की तो रडवेला होऊन त्यांच्याकडे येई. काकू कधी रागावत नसत. मोडलेलं टोक बोटांत फिरवून बघत आणि म्हणत, "तहानेने मेली बिचारी. जा, दुसरी भिजव." हेच वाक्य दहा वेळा सांगावं लागलं तरी अकराव्या वेळी त्यांचा आवाज पहिल्या वेळेसारखाच असे. आयाबायांना याचं फार कौतुक होतं. काकूंना कुठलंच मूल घाबरत नाही, असं सगळ्या म्हणत. ते खरंही होतं.

या मुलांमधून सगळ्यात पुढे गेली ती रीमा. ती निर्मळची नव्हती. तिची आई हंसा खाडीकाठच्या गावातून रोज काकूंच्या वाडीत फुलं खुडायला येई आणि सुट्टीच्या दिवशी लेकीला बरोबर आणी. सात वर्षांची रीमा बांधावर कंटाळून बसलेली बघून काकूंनी तिच्या हातात पाच पात्या दिल्या होत्या. बारावी होईपर्यंत तिचा हात असा बसला होता, की तिची टोपी आणि काकूंची टोपी शेजारी ठेवली तर काकूंनाही उलटून आत बघावं लागे. रीमा बोलायला कमी, ऐकायला चांगली. काकू नुसतं "उसव" म्हणाल्या तर ती का म्हणून विचारत नसे. आधी उसवी, आणि चूक काय होती ते उसवताना स्वतःच शोधी.

"अशी पोर मिळायला नशीब लागतं," काकू हंसाला म्हणत.

"तुमच्याकडं चांगली," हंसा म्हणे. "घरी सांगा बरं भांडी घासायला. कोनाचं ऐकत नाय."

त्या वर्षी महिला मंडळाला टोप्या शिवायचं मशीन मिळालं. मोटरवर चालणारं, बारीक आणि घट्ट टाका घालणारं. मंडळाच्या अध्यक्षा शकूताई यांनी अर्नाळ्याच्या बाजूच्या एका रिसॉर्टवाल्याशी बोलणंही करून ठेवलं. त्याला दर महिन्याला शिंदीच्या टोप्या हव्या होत्या. हाताने एक टोपी पुरी करायला दोन दिवस जात, मशीनवर तासाभरात होणार होती. वेण्या गावातल्या बायकांनी घालून द्यायच्या आणि मशीनवर एकीने कायमचं बसायचं, असं ठरलं. नावं दोनच आली. एक रीमा, दुसरी काकूंची सून रेवा.

रीमासाठी हे मशीन म्हणजे काय आहे, ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या वडिलांनी, काशीरामने, वसई पूर्वेच्या एका कंपनीत तिच्यासाठी शब्द टाकला होता. प्लास्टिकच्या डब्यांना झाकणं लावायचं काम, सकाळी सातला कंपनीची गाडी, परत यायला रात्र. "मशीन मिळालं तर टोप्या शिव," काशीराम म्हणाला होता, "नाहीतर एक तारखेपासून गाडीत बस. टोप्यांचा खेळ पुरे." रीमाने हे काकूंना एकदाच सांगितलं, तेही वेणीवरची मान वर न करता.

"तुला नाही मिळणार तर कोणाला?" काकू म्हणाल्या.

"रेवावहिनी पण आहेत."

"तिला टोपीचा कंटाळा आहे गं."

हे रेवाने ऐकलं. ती तुळशीपाशी कपडे वाळत घालत होती. "आई, कंटाळा आहेच," ती तिथूनच म्हणाली. "पण मला काम पाहिजे. मुलगा शाळेत जायला लागला, मी घरात बसून काय करू? आवड असलेल्यांनाच नोकरी द्यायची असा कायदा आहे का?"

काकू हसल्या. रेवा मात्र गंमत करत नव्हती.

मशीन शिकवायला पापडी गावातून क्लेमेंटीन येऊ लागली. तिने बॅगांच्या कारखान्यात उभी हयात मशीन चालवलं होतं. बोलायला मोकळी, हाताने वेगवान. सुईत दोरा कसा घालायचा, बॉबिन कधी बदलायचं, वेटोळ्याचे पहिले दोन फेरे हाताने टाचून मग मशीनच्या पायाखाली कसे सरकवायचे, हे तिने दोघींना पंधरवड्यात शिकवलं. दोघींपैकी कोणाला घ्यायचं हे मंडळ चाचणी घेऊन ठरवणार होतं. चाचणीच्या आदल्या दिवशी क्लेमेंटीनने रीमाच्या टोपलीतली वेणी उचलून दाबली. पाणी तिच्या मनगटावर ओघळलं.

"एवढी ओली?"

"आम्ही ओलीच शिवतो," रीमा म्हणाली.

"हाताने ठीक आहे. पण मशीनला?" क्लेमेंटीनने वेणी परत ठेवली. "हे बघ पोरी, मी शिंदी कधी शिवली नाही. माझं म्हणणं धरू नको. पण कॅनव्हास ओला असला ना, तर आज शिवण सुरेख दिसते आणि उद्या सुकली की ओढते. मला वाटतं, वेणी पंख्याखाली ठेवून ओल जाऊ द्यावी. काकूंना विचार. त्यांना जास्त कळतं."

रीमाने विचारलं. त्या दिवशी संध्याकाळी काकू अंगणात पाती चिरत बसल्या होत्या. रीमा खांद्याची पिशवी न उतरवता त्यांच्यापाशी उभी राहिली. मग म्हणाली, "काकू, मशीनवर कोरडी वेणी घातली तर?"

काकू हसल्या. नेहमीसारख्याच, मायेने. "हे कोणी डोक्यात घातलं? क्लेमेंटीनने?"

"त्या म्हणाल्या तुम्हाला विचार."

"अगं, कॅनव्हास कुठे आणि शिंदी कुठे! ती बिचारी बॅगा शिवणारी. तुला मी पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं?"

"पाणी द्यायचं."

"मग?"

"पण मशीनचा टाका बारीक असतो. मला वाटलं..."

"टाका बारीक असो नाहीतर जाडा, पाती तीच ना?" काकूंनी तिच्या गालाला ओला हात लावला. "एवढी वर्षं शिकून शेवटच्या दिवशी प्रश्न! घाबरलीयेस तू. जा, उद्यासाठी वेणी चांगली मुरू दे पाण्यात."

रीमा बादली भरायला गेली. रेवा ओटीवर होती. काकूंनी तिलाही हाक मारून सांगितलं, "तुझीही भिजव गं." रेवा हो म्हणाली.

चाचणी मंडळाच्या खोलीत झाली. दोघींनी आळीपाळीने मशीनवर बसून चार-चार टोप्या शिवायच्या होत्या. शकूताईंनी काकूंसाठी दाराशी खुर्ची ठेवली होती. रविवारची मुलं खिडकीला लटकली होती आणि मधून मधून "रीमाताई, जोरात!" असं ओरडत होती, जणू शर्यतच चालली होती.

रीमाची ओली वेणी सुईखाली अशी फिरत होती, की बघणाऱ्याला टोपी शिवली जात नसून ओतली जातेय असं वाटावं. एकही फेरा वरखाली नाही. कड सोडताना तिने मनगट जरासं सैल केलं आणि ती पसरली, जशी हातच्या टोपीची पसरते तशी. काकूंचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसलेही नाहीत.

रेवाची वेणी करकरत होती. एका ठिकाणी पाती मोडली, तिथे तिला गाठ घ्यावी लागली. तिच्या माथ्याचे फेरे थोडे वाकडे पडले आणि कड एका बाजूला उचललेली राहिली.

"भिजवली नाहीस?" काकूंनी विचारलं.

"वेळ कुठे मिळाला. सकाळी डबा, शाळा. जुन्या वेण्या पडल्या होत्या, त्या आणल्या."

"बघ म्हणजे," काकू म्हणाल्या. मग त्यांना वाईट वाटलं म्हणून पुढे म्हणाल्या, "तरी तुझीही अगदीच काही वाईट नाही झाली."

"उद्या काय ते बघू," रेवा म्हणाली.

आठही टोप्या टेबलावर पंख्याखाली ठेवून खोलीला कुलूप लागलं. जाताना शकूताईंनी रीमाच्या खांद्यावर थोपटलं. "यात विचारायचं काय आहे," त्या म्हणाल्या. हंसा बाहेर फाटकाशी थांबली होती. तिने लेकीच्या तोंडाकडे बघितलं, आणि काही न विचारता तिच्या हातातली टोपली आपल्या हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिसॉर्टचा माणूस आला. घाईत होता, पण वागायला नीट. त्याचं लक्ष सरळ रीमाच्या टोप्यांकडे गेलं. "वा, ही कोणी केली?" म्हणत त्याने एक उचलली आणि डोक्यावर बसवायला दोन्ही हातांनी कड खाली ओढली.

आवाज फार मोठा झाला नाही. पापड मोडतो तेवढाच. कड त्याच्या हातात आली आणि माथा डोक्यावर राहिला.

खिडकीतली मुलं हसली. मग त्यांना कळलं, की आत कोणी हसत नाही, आणि ती गप्प झाली.

त्याने दुसरी उचलली. तीही शिवणीवरून फाटत गेली, पोस्टाची तिकिटं भोकांवरून फाटतात तशी, सरळ आणि स्वच्छ. तिसरीच्या फेऱ्यांमध्ये फटी पडल्या होत्या, त्यातून पंखा दिसत होता. चौथी त्याने उचललीच नाही.

रेवाची वाकडी टोपी त्याने मुठीत दाबली, सोडली. ती उलगडून पुन्हा होती तशी झाली. "ह्या चालतील," तो म्हणाला. "फक्त जरा सरळ करा."

काकू उठून टेबलापाशी आल्या आणि त्यांनी फाटलेली कड हातात घेतली. त्यांना बघताक्षणी सगळं कळलं, हेच वाईट होतं. हाताचा टाका लांब असतो. दाभण ओढताना बोट प्रत्येक टाक्याला थोडा सैलावा ठेवतं, आणि ओली पाती सुकताना आक्रसते ती त्या सैलाव्यात. म्हणून तर हातची टोपी सुकल्यावर आणखी घट्ट बसते. मशीनचे टाके मात्र मुंग्यांच्या रांगेसारखे जवळ जवळ. फुगलेल्या पातीला ओळीने भोकं पाडायची, दोरा आवळून टाकायचा आणि मग तिला म्हणायचं, आता सुक. ती फाटणार नाही तर काय करणार? एवढा साधा विचार. पाणी का द्यायचं हे त्यांनी मुलांना हजार वेळा सांगितलं होतं, पण कुठे देऊ नये हे त्यांनी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं.

"ओलीच घातलीस?" क्लेमेंटीनने रीमाला हळूच विचारलं.

"हो. मीच घातली."

"तिने नाही," काकू म्हणाल्या. "मी सांगितलं तिला. ती विचारायला आली होती, मीच भिजव म्हटलं."

शकूताईंनी मान हलवली. "असेल काकू. पण मशीनवर बसणारीला स्वतःला कळायला नको? उद्या ऑर्डर चालू झाली की प्रत्येक टोपीला तुम्हाला विचारायला येणार का ती?"

"चूक माझी आहे, शकू. तिला दोन दिवस दे. पुन्हा शिवू दे."

"ह्यांना पुढच्या आठवड्यात पहिला माल पाहिजे." शकूताई रिसॉर्टच्या माणसाकडे बघून कसनुशा हसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि काकू, जागा तुमच्याच घरात गेली ना? बाहेर तर नाही गेली."

बाहेर तर नाही गेली. रीमा हे ऐकायला तिथेच होती. तिने फाटलेल्या टोप्या एकात एक ठेवल्या, टेबल पुसलं आणि क्लेमेंटीनला "येते" म्हणून ती गेली.

घरी जेवताना काकूंनी विषय काढला. नीलेश, त्यांचा मुलगा, ताटात बघून जेवत होता.

"रेवा, तू नाव काढून घे."

"का?"

"ती जागा तिची आहे. माझ्यामुळे गेली."

रेवाने वाढायचं थांबवलं. "आई, मी चोरलं का काही? मी कोणाच्या वेणीत पाणी ओतलं?"

"तसं नाही गं..."

"मलाही तुम्ही भिजव म्हणाला होतात. मी ऐकलं नाही. क्लेमेंटीनबाईंनी आम्हा दोघींना एकच सांगितलं होतं, मला ते पटलं, मी गप्प राहून तसं केलं. तुमच्याशी वाद घातला असता तर तुम्ही हसून मलाच लहान मूल केलं असतंत." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमचं न ऐकल्याची शिक्षा आता मला का?"

"तुझ्या वेण्या जुन्या होत्या, वेळ नव्हता म्हणालीस..."

"मग काय म्हणू तिथे? सासूचं चुकतंय म्हणू, सगळ्यांसमोर?"

नीलेश म्हणाला, "आई, जाऊ दे आता." नेमकं काय जाऊ द्यायचं, ते तो बोलला नाही.

हंसा तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी आली ती फुलांच्या वेळेला नव्हे, ऊन चढल्यावर. फाटकाच्या आत पाऊल न टाकता तिने हाक मारली.

"काकू, दुसरी बाई बघा फुलांना."

"हंसा, आत ये. बस तरी."

"बसायला नाय आले. एकच इचारते. सुनेलाच द्यायची होती तर आधी सांगायचं. माझी पोर रातभर पान्यात हात घालून बसली नसती."

"हंसा, मला खरंच माहीत नव्हतं गं."

"तुमाला माहीत नव्हतं?" हंसा हसली. "शिंदीचं तुमाला माहीत नाय, मंग कोनाला माहीत? आनि तुमच्या घरची वेनी बरी कोरडी र्‍हायली. एका घरात दोन बादल्या, एकीत पानी, एकीत नाय."

"तिने माझं ऐकलं नाही म्हणून..."

"आनि माझीनं ऐकलं म्हनून." हंसाने पदर कमरेला खोचला. "चांगलं शिकवलंत."

"देवाशपथ सांगते, हंसा..."

"देवाला कशाला मधी आनता. तो काय टोप्या शिवतो?"

ती गेली. शेजारच्या वाडीतल्या दोघी बांधावर उभ्या राहून बघत होत्या. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, तशा त्या केळीच्या आड झाल्या.

त्या रविवारी मुलं आली, पण कमी आली. एक छोटी मुलगी पाती हातात धरून बादलीपाशी घुटमळली. "काकू, बुडवू की नको?" तिने विचारलं. तिला कोणी शिकवून पाठवलं नव्हतं; नुसतं कुठे काही कानावर पडलं असेल. काकू म्हणाल्या, "बुडव." मग म्हणाल्या, "आपण हाताने शिवतोय म्हणून." मुलीला या दुसऱ्या वाक्याचं काही नव्हतं. तिने पाती बुडवली.

महिना गेल्यावर एका दुपारी त्या रिक्षा करून खाडीकाठच्या गावात गेल्या. रीमाला कंपनीतून सुट्टी कधी असते हे त्यांनी क्लेमेंटीनकडून काढून घेतलं होतं. रिक्षावाल्याला थांबायला सांगून त्या आत गेल्या. हंसा शेतावर होती. रीमा दाराशी बसून मासळी साफ करत होती. काकूंना बघून ती उठली, हात धुतले, खुर्ची पुसून दिली आणि चहा ठेवला. सगळं न गडबडता.

"कसं आहे काम?"

"बरं आहे. उभं राहावं लागतं. हात चांगला चालतो म्हणतात."

"तुझ्या आईला वाटतं, मी मुद्दाम केलं."

"मला माहीत आहे तुम्ही नाही केलं. आईला सांगून बघितलं मी. ती म्हणते, तू बावळट आहेस." रीमा थोडीशी हसली. "बाबा पण तेच म्हणतात."

"मी तुला मशीन घेऊन देते. जुनं मिळतं, क्लेमेंटीन बघेल. तू इथेच बसून शिव."

"आणि विकू कुठे? रिसॉर्टवाल्यांना रेवावहिनी देतात." हे ती कडवटपणे म्हणाली नाही. "चांगल्या होतात आता त्यांच्या टोप्या. मी एकीच्या डोक्यावर बघितली, कंपनीच्या गाडीतून. कड सरळ येते."

चहा आला. काकूंनी कप हातात धरून ठेवला. जे विचारायला त्या आल्या होत्या ते विचारावं की नाही, हे त्यांचं अजून ठरत नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं.

"तुला वाटलं होतं का गं, की माझं चुकतंय?"

मांजर मासळीच्या टोपलीकडे सरकलं, त्याला रीमाने पायानेच हाकललं.

"मी शिवून बघितलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"कोरड्या वेणीचा तुकडा. त्याच दिवशी, क्लेमेंटीनबाई गेल्यावर. टोपीच्या माथ्याएवढा. दुमडून बघितला, पाण्यात घालून सुकवून बघितला, कुठे फाटला नाही. तुमच्याकडे आले तेव्हा पिशवीत होता."

"मग दाखवला का नाहीस?"

"दाखवणार होते."

"मग?"

"तुम्ही हसलात ना."

काकूंनी कप खाली ठेवला. आपण त्या संध्याकाळी कशा हसलो ते त्यांनी आठवून बघितलं. रागाचं नव्हतं ते हसू, हिणवायचंही नव्हतं. मुलं चुकत, तेव्हा गेली कित्येक वर्षं त्या जशा हसत आल्या तसंच. त्या हसण्याने मुलांची भीती जाते, असंच त्या समजत आल्या होत्या.

"मी म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल," रीमा म्हणाली. "म्हटलं, तुमचंच बरोबर असेल. माझ्या तुकड्यात काहीतरी चुकलं असेल."

"ओरडायचंस माझ्यावर."

"तुमच्यावर कोण ओरडणार, काकू?"

बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न दिला. रीमा उठली. "बाबा यायच्या आत निघा," ती म्हणाली. "ते काही तरी बोलतील, मग तुम्हाला त्रास." तिने काकूंना हाताला धरून पायरीवरून उतरवलं. तिच्या बोटांवर झाकणांच्या कडांनी आखलेल्या बारीक रेघा होत्या, काही जुन्या, काही ताज्या.

"रविवारी येत जा," काकू म्हणाल्या. "नुसती बसायला ये. मुलं विचारतात."

"रविवारी पण बोलवतात कंपनीत."

"मग सुट्टी असेल तेव्हा."

"बघते," रीमा म्हणाली. त्यांचा पदर रिक्षाच्या दारात अडकला होता, तो तिने सोडवून आत दिला आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "निर्मळ. मंदिराच्या नाक्यावर सोडू नको, घरापर्यंत ने. उतरताना हात दे त्यांना."

"तुझी कोण लागते?" रिक्षावाल्याने विचारलं.

"कोणी नाही," रीमा म्हणाली. "आई त्यांच्या वाडीत कामाला होती."

रिक्षा वळली. मिठागराच्या बाजूने वारा तोंडावर येत होता. काकूंनी पदर घट्ट धरला आणि त्या समोर बघत राहिल्या.